काठीला काम

सयाजीची बोटं भिंतीवर मुंगीसारखी चढत गेली आणि छातीच्या जरा वर, गेल्या आठवड्याच्या पेन्सिलीच्या खुणेपाशी अडली.

"अजून थोडं," नंदिनी म्हणाली.

"न्हाई जात."

तिने पेन्सिल काढली. नवी खूण करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून जुनीच खूण पुन्हा गिरवली. ती तेवढी गडद झाली.

"काका, काठीचा व्यायाम केलात का?"

सयाजी खिडकीबाहेर बघू लागला. वाशीच्या दवाखान्यातली ही फिजिओथेरपीची पोरगी आठवड्यातून एकदा जुईनगरला घरी यायची आणि दर वेळी हेच विचारायची. उत्तर त्याच्या बायकोने, शालनने, स्वयंपाकघरातून दिलं.

"एक दिस केला. मग म्हनले, हवेत काठी फिरवाया मी काय येडा हाय?"

"मग?" सयाजी म्हणाला. "निम्मा जल्म गोनी उचलन्यात गेला. मुकादम झालो, आता कुठं खुर्चीत बसायचं सुख आलं, तर ह्या म्हनत्यात हात हलवा."

"रक्तातली साखर त्या खुर्चीतच वाढली काका. आणि खांदा ओझ्याने नाही आखडला, साखरेने आखडलाय. सांध्याभोवती पिशवीसारखं आवरण असतं. साखर वाढलेली राहिली की ते जाड होतं, आटतं. गोळ्या साखरेचं बघतील. आटलेलं सैल व्हायचं ते हलवूनच. शिवाय अंग हललं की साखरही उतरते."

"आराम पडावा म्हनून मी पान्याचा तांब्यासुदिक हातात देते त्यांच्या," शालन म्हणाली.

"तेच आधी बंद करा मावशी."

सयाजीने उजवा हात सवयीने खिशात घातला. तो तिथेच बरा असायचा, दुखायचा कमी. मार्केटात लोकांना वाटायचं, मुकादम झाल्यापासून सयाजी ऐटीत हात खिशात घालून फिरतो. रोज सकाळी दार लावून शालन त्याला सदरा घालते, उजवी बाही आधी चढवते, हे कुणाला ठाऊक नव्हतं. ते कळण्यापेक्षा ऐट परवडली, असं त्याचं मत होतं.

नंदिनी निघायला उठली आणि गॅलरीच्या दारात थबकली. छताखाली एक वर, एक खाली अशा कपड्यांच्या दोऱ्या होत्या, कोपऱ्यात काठी होती, खाली पिळलेल्या कपड्यांची बादली.

"हे वाळत कोण घालतं?"

"मीच की."

"आजपासून काका घालतील."

"अगं बाई," शालन म्हणाली, "समोरची अख्खी बिल्डिंग बघती. बायकोची लुगडी वाळत घालतोय म्हनतील."

"हवेत काठी फिरवायची लाज वाटते म्हणाले ना? मी काठीला काम दिलं. हालचाल तीच आहे. डाव्या हाताने ढकला काका, उजवा नुसता सोबत येऊ दे. आधी खालची दोरी. वरचीचं पुढे बघू."

सयाजी जागचा हलला नाही. "हे न्हाई जमायचं," तो म्हणाला.

शालनने बादलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आवाज खाली आणून म्हणाली, "बाही चढवाया मी कायमची पुरनार हाय का?"

तो उठला. गॅलरीत जाऊन त्याने काठी घेतली. शालनने बादलीतलं वरचंच लुगडं घडी करून काठीच्या टोकावर टाकलं. ओल्या लुगड्याला एवढं वजन असतं, हे गोण्या वाहिलेल्या माणसाला आज कळलं. डावा हात वर गेला, उजवा मागोमाग निघाला आणि नेहमीच्या जागी अडला. खांद्यात गंजलेली कडी उचकटावी तशी कळ आली. त्याने दात आवळले. काठी टीचभर आणखी वर सरकली.

"सयाजीराव!" खालून हाक आली. "शालनवैनीनं कामाला लावलं व्हय?"

रस्त्यात हौसेराव उभा होता. दोघे एकाच टोळीत गोण्या वाहत मोठे झाले, आणि आता बटाट्याच्या गाळ्यांवर हौसेराव मुकादम होता. समोरच्या गॅलरीत कुणीतरी हसलं. शालन पटकन आत सरकली.

सयाजीच्या डोक्यावर लुगडं ठिबकत होतं. काठी टाकून आत जावं, एवढंच त्याच्या मनात आलं. त्याने खाली पाहिलं.

"लुगडी धुतोस का नुस्ती वाळवतोस?" हौसेरावाने हात हलवून विचारलं.

हात डावा होता. उजवा खिशात होता.

सयाजी त्या खिशाकडे बघत राहिला. सदरा नीट होता, बटणं नीट लागलेली होती. घरात कुणीतरी लावून दिली असणार.

"हौसेराव," तो म्हणाला, "उजवा हात वर कर बघू."

"आं?"

"उजवा. डोक्याच्या वर."

हौसेराव हसला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. "ह्यो काय पोरखेळ," तो म्हणाला. हात खिशातून निघाला नाही.

समोरचं हसणं थांबलं होतं. सयाजीने दम धरला, काठी रेटली आणि लुगडं खालच्या दोरीवर टाकलं. काठीच्या टोकाने त्याची चुणी सारखी केली. मग बादलीत पाहिलं.

"वर ये," तो म्हणाला. "अजून अर्धी बादली हाय."