प्रेसला सुट्टी

“शनिवार कामाचा करून टाका,” साहेब दारातूनच म्हणाले. “माल मागे पडलाय.”

प्लॅनिंगच्या बाईने स्क्रीनवर कारखान्याचं कॅलेंडर उघडलं. सुट्टीचा शनिवार लाल होता. तिने बटण दाबलं, तो पांढरा झाला. त्यासरशी सगळ्या ऑर्डरींच्या तारखा अलीकडे सरकल्या. सुट्टी पुसायला एवढंच लागतं. या वर्षात अशा किती पुसल्या, ते तिचं तिलाही आठवत नव्हतं. डोळे नुसते चुरचुरत होते.

साहेब वळले तर मागे पत्रे दाबायच्या मोठ्या प्रेसवरचे मामा. हातातला तेलकट फडका चुरगाळत उभे.

“साहेब, शनिवारी हिचं ऑपरेशन आहे. सुट्टी बघूनच तारीख घेतली होती.”

“घरात दुसरं कुणी नाही का?”

“मुलगी आहे. पण ती लांब, आणि तिचेच दिवस भरलेत.”

“मामा, ती प्रेस तुमच्याशिवाय कुणाला दाद देत नाही. ऑपरेशन डॉक्टर करणार. तुम्ही काय तिथे सुईत दोरा ओवून देणार आहात?” स्वतःच्याच विनोदावर हसत साहेब निघून गेले.

मामा हलले नाहीत.

“ताई, माझ्यापुरता तो दिवस लाल नाही का ठेवता येत?”

“तुमचं वेगळं कॅलेंडर नसतं, मामा. माणसं सगळी एकाच दावणीला. वेगळं कॅलेंडर फक्त मशीनला असतं.”

बोलून गेली आणि स्क्रीनकडे वळली. मग तिने मोठ्या प्रेसचं कॅलेंडर उघडलं आणि शनिवारवर ‘दुरुस्ती’ टाकलं. सॉफ्टवेअरने कारण विचारलं नाही. घरात दुसरी प्रेस नाही का, हेही विचारलं नाही. मुकाट्याने तिचं सगळं काम सोमवारवर ढकललं.

“प्रेस बंद, म्हणजे तुम्हाला काम नाही. मामींजवळ थांबा. कुणी विचारलं तर आवाज येतोय म्हणायचं.”

“आणि बिंग फुटलं तर?”

“तर मलाही सुट्टी. कायमची.”

जेवणाची सुट्टी संपते न संपते तोच साहेब तिच्या टेबलाशी आले. स्क्रीनवरची दुरुस्ती त्यांच्या नजरेला पडली होती. ते तडक प्रेसकडे निघाले. तीही मागोमाग गेली.

“काय झालं हिला?”

“आवाज येतोय,” मामा जमिनीकडे बघत म्हणाले.

साहेबांचा चेहरा उतरला. “अहो, मग आधी नाही का सांगायचं? बंद करा. आत्ता, लगेच.”

मामांनी प्रेस बंद केली.

“शनिवारी फिटर नीट उघडून बघेल. घाई नको. सोमवार लागला तर सोमवारही घ्या, पण तिला पूर्ण बरं होऊ दे. आणि तुम्ही मध्ये लुडबुडू नका. घरीच बसा.”

“बरं साहेब.”

साहेब प्रेसजवळ गेले. तिच्या अंगावर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

“गरम लागतेय,” ते हळूच म्हणाले.