निरभ्र आकाश, काही नाही

मिर्काने बाबाची नोंद खोडली.

ठिकाण: शाळेजवळचं वळण. आकाश: निरभ्र. ध्रुवप्रकाश दिसतो का? नाही.

दुपार अजून सरली नव्हती. पण उत्तरेच्या या टोकाला डिसेंबरात सूर्य उगवतच नाही, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर अख्खं आकाश हिरवं पेटलं होतं. नदीपलीकडच्या टेकड्यांवरून निघालेला पट्टा छपरावरून जाऊन मागच्या जंगलात उतरत होता. ध्रुवप्रकाशाच्या नोंदी गोळा करणाऱ्या संकेतस्थळाच्या नकाशावर आजूबाजूचे ठिपके एकामागून एक हिरवे होत होते. मधे बाबाचा एकटा लाल.

"परत हातमोज्यानं दाबलं," ती पुटपुटली आणि कारणाच्या चौकटीत नेहमीचं लिहिलं.

खोडली. चुकून दाबले गेले.

तसा निरोप नोंद करणाऱ्याला आपोआप जातो. या भागातल्या नोंदी तपासायचं काम तिच्याकडे होतं. पगार नाही, नुसता नाद. तो लावला बाबानेच. बाबा, म्हणजे तौनो, शाळेची टॅक्सी चालवायचा. मुलांना दारोदार सोडायचं आणि प्रत्येक दारी मान वर करून एक नोंद करायची, हा त्याचा शिरस्ता. "दिसलं की सगळेच सांगतात," तो म्हणायचा. "नाही दिसलं तर तेही कळवायचं. नकाशाला दोन्ही लागतं."

एवढंच काय ते बोलणं. आई दवाखान्यात वारली तेव्हा त्याने मिर्काला फोनसुद्धा केला नव्हता. घरी येऊन त्याने कॉफी ठेवली, एकाच कपाची. त्यावरून तिला कळलं.

फोन वाजला. नदीच्या वरच्या अंगाला राहणारी सिर्पा, जुळ्यांची आई.

"पोरं पोचली गं," सिर्पा म्हणाली. "माझी टपालपेटी मात्र गेली."

"गेली म्हणजे?"

"आडवी. तुझ्या बाबानं गाडी घातली तिच्यावर. बर्फावरून घसरली म्हणतो. अगं, सकाळीच आमच्या ह्यांनी फाटकापर्यंत खडी टाकलीय. तिथे रेनडियरसुद्धा घसरायचा नाही." सिर्पा हसली. "आता पेटीलाच चष्मा घेते. तुझा बाबा आला की ती तरी बाजूला होईल."

मिर्का हसली नाही. पडद्यावर नवी नोंद आली होती.

ठिकाण: सिर्पाचं फाटक. आकाश: निरभ्र. ध्रुवप्रकाश दिसतो का? नाही.

"सिर्पा, बाहेर आकाशात उजेड आहे?"

"आहे का म्हणून काय विचारतेस? इतका, की अंगणातला दिवा बंद केलाय मी. आम्ही पेटी उचलत होतो तेव्हा तर अगदी डोक्यावर होता. म्हटलं, तौनो, बघ तरी, असा वर्षात नाही आला."

"मग?"

"मग काय. म्हणाला, हं."

"गाडीत आता कोण आहे?"

"कोण असणार? तुझं घर शेवटचं. तुझी वेनला."

मिर्काने फोन ठेवला आणि बाबाला लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना तो कधीच फोन घेत नसे. शाळेतल्या इतर आईबापांना तिने हे किती अभिमानाने सांगितलं होतं.

तिने बाबाच्या खोडलेल्या नोंदींचं पान उघडलं.

नाही. खोडली. चुकून दाबले गेले.
नाही. खोडली. चुकून दाबले गेले.
नाही. खोडली. बहुधा स्थानिक ढग.

ढग नव्हते. त्या संध्याकाळी ती स्वतः अंगणात उभी होती.

बुटांचे बंद न बांधताच ती गाडीत बसली. सिर्पाच्या घरापासून इकडे रस्ता नदीला चिकटून येतो. कठडा नाही. रेनडियर मधोमध उभे राहतात आणि भोंग्याला दाद देत नाहीत. गाडीच्या दिव्याचा झोत त्यांच्यावर पडेपर्यंत ते नुसते काळोखाचे तुकडे असतात. ज्याला डोक्यावरचा एवढा उजेड दिसत नाही, त्याला ते कसे दिसणार?

शेजारच्या सीटवर फोन टुणकन वाजला. तिने वेग कमी करून नजर टाकली.

ठिकाण: जुना दुधाचा ओटा. नाही.

थोड्या वेळाने पुन्हा.

ठिकाण: जुना दुधाचा ओटा. नाही.

ठिपका हलला नव्हता. पूर्वी दुधाचे कॅन जिथे ठेवत, त्या ओट्यापाशी रस्ता वळतो, आणि वळणाखाली थेट नदी. नदीवरचा बर्फ अजून गाडीचं वजन पेलण्याइतका जाड झाला नव्हता. ती मोठ्याने "नको, नको" म्हणत होती, हे तिला नंतर कळलं.

वळणावर नारिंगी दिवे उघडझाप करत होते.

टॅक्सी ओट्याला लागून सरळ उभी होती. इंजिन चालू. चालकाची सीट रिकामी.

मिर्काने धावत जाऊन मागचं दार ओढलं. आत ऊब होती. वेनला दालचिनीचा पाव खात होती.

"आई, किती उशीर केलास," वेनला म्हणाली. "आजोबा म्हणाले, इथून पुढे आई चालवणार."

तौनो पुढेच होता, चालकाच्या शेजारच्या सीटवर. पट्टा लावलेला, टोपी मांडीवर. फोन नाकाला टेकेल इतका जवळ धरून तो आणखी एक नोंद करत होता. समोरच्या काचेवर आकाश हिरवंगार वाहत होतं.

मिर्का चालकाच्या जागी बसली. तिने दोन्ही हात चाकावर ठेवले.

"बाबा, एक फोन करायचास ना. सांगायचंस मला."

त्याने फोन मांडीवरच्या टोपीत ठेवला.

"आठवडाभर कळवतोय," तो म्हणाला. "तू खोडत होतीस."