डमीची पाठ

चौथ्या कुर्त्याचे खांदेही कुंदाच्या दंडांवर ओघळले, तशी कपडे दाखवणारी पोरगी फिसकन हसली.

"कुर्त्यात खोट नाहीये काकू, तुमची चणच लहान. मुलांचा विभाग वरच्या मजल्यावर आहे, तिथे बघा."

कुंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. उद्या सकाळी मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसायचं होतं, आणि ही कालची पोर पन्नाशीच्या बाईला झालरीच्या फ्रॉकांकडे धाडत होती.

"मग हाच कुर्ता काचेतल्या त्या डमीला इतका चापूनचोपून कसा बसलाय?"

"तिची फिगर बघा आणि तुमची बघा," पोरगी म्हणाली.

कुंदा तरातरा काचेपाशी गेली. "हात लावू नका तिला," गल्ल्यावरून मालक खेकसले, पण तोवर तिने डमी खांद्यांना धरून गर्रकन फिरवली होती. पाठीमागे मूठभर जास्तीचं कापड गोळा करून मानेपासून कमरेपर्यंत आवळलेलं होतं, कपडे वाळत घालायच्या लाल-निळ्या चिमट्यांनी.

दुकानातली गिऱ्हाइकं माना वर करून बघू लागली.

"हिलाही वरच्या मजल्यावर पाठव," कुंदा पोरीला म्हणाली. "फ्रॉक बघायला."