राघवेंद्रचा ग्लोव्ह

राघवेंद्र नांदेडच्या बेसबॉल संघाचा पिचर होता. प्रत्येक चेंडू टाकण्याआधी तो डाव्या हातातला ग्लोव्ह ओठांशी नेऊन काहीतरी पुटपुटायचा. खेळाडूंचे असतात असे शकुन, म्हणून नवी नवरी मनस्विनी आधी हसली. पण घरीही तो ग्लोव्ह त्याच्या उशाशीच असायचा.

"त्याला हात नको लावू बरं का. दुसऱ्याचा हात लागला की मॅच गेलीच समज."

"मग मी काय दुसरी आहे का हो?"

त्यानं ग्लोव्ह उचलून छातीशी धरला.

लातूरच्या सामन्याच्या सकाळी तिला खोलीतून त्याचं हळुवार बोलणं ऐकू आलं. इतक्या मायेनं तो तिच्याशी कधीच बोलला नव्हता.

"कोणाशी बोलून राहिलात?"

"कोणाशीच न्हाई," म्हणत तो अंघोळीला गेला.

मनस्विनीनं रागारागानं ग्लोव्ह उचलला आणि आत हात खुपसला. आत ऊब होती. मग कोणाचीतरी नाजूक बोटं तिच्या बोटांत गुंतली आणि घट्ट आवळली गेली.

ती किंचाळली. हात निघेना.

राघवेंद्र ओल्या अंगानं धावत आला. तिच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. गुडघ्यांवर बसून त्यानं ग्लोव्हला ओठ टेकवले आणि हळूच विचारलं, "लागलं का गं तुला?"