माहिती देणारा : पती

बायजाची फाईल सहा वर्षं पेणच्या मनोविकाराच्या डॉक्टरांकडे होती, पण ती तिच्या हाती कुणी कधी दिली नाही. "पेशंटला दाखवत नाहीत," असं नर्स म्हणायची आणि नवऱ्याला, पुंडलिकला, हायसं वाटायचं. आता तो दवाखानाच बंद होणार होता. पुढची औषधं रोह्याला घ्या, असं सांगून नर्सने फाईल पुंडलिकच्या हातात ठेवली.

रोह्याच्या एसटीत तो ती मांडीखाली दाबून बसला. कंडक्टरकडून तिकिटं घ्यायला तो जरा उठला, तेवढ्यात बायजाने ती ओढून घेतली आणि साक्षरतेच्या वर्गात शिकवलं होतं तसं नर्सने मराठीत लिहिलेल्या एकेका अक्षराखाली बोट सरकवत वाचू लागली. मन रमेल म्हणून त्या वर्गाला तिला त्यानेच घातलं होतं.

"माहिती देणारा : पती. मूलबाळ : नाही. आपल्याला मुलगी होती आणि ती बुडाली, असा रुग्णाला भास होतो."

पुंडलिकची मान खाली गेली. आता ही सगळी गाडी डोक्यावर घेणार, या धास्तीने तो अंग चोरून बसला. पण बायजाने फाईल नीट मिटली, त्याच्या मांडीवर ठेवली आणि मागच्या बाकावरही ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं,

"अवो, मी बाजाराला गेलते तवा जिला तुमच्यापाशी ठेवलीवती, आनि जिला तुमीच मिठागराच्या पान्यातून भायेर काढलीत, ती कोन होती मग?"