तेरावी वस्तू

बारा वस्तू सापडल्या होत्या आणि तास संपायला दहा मिनिटं उरली होती. शाळेच्या मागच्या भिंतीजवळ सातवीतली अडतीस पोरं गुडघ्यांवर बसून दात घासायच्या ब्रशनं माती झाडत होती. कडेला मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, घड्याळ बघत उभ्या होत्या. इतिहासाच्या बाईंना त्यांनी कालच सांगून टाकलं होतं, "उद्या शेवटचं. परवापासून हा खड्डा बुजवा आणि पुस्तक उघडा. जुनी मढी उकरून परीक्षेत मार्क पडत नाहीत."

इतिहासाच्या बाई नव्या, वयानं लहान आणि हट्टी. महिन्यापूर्वी त्यांनी आपल्या घरातल्या बारा टाकाऊ वस्तू इथं पुरल्या होत्या. फुटक्या कपाचा कान, एक काडी नसलेला चष्मा, गंजकी किल्ली, असलंच काहीबाही. सुतळीनं चौकोन आखायचे, हळूहळू खणायचं, आणि या वस्तू वापरणारं घर कसं असेल ते पुराव्यानिशी सांगायचं. पोरांना तर याचं वेडच लागलं होतं. मागच्या बाकावर वर्षभर झोपा काढणारा 'कुंभकर्ण'सुद्धा आता घंटेआधी हजर असायचा. आज मात्र सगळ्यांची तोंडं पडलेली होती, बाईंचं सगळ्यात जास्त.

"बाई, इथं अजून एक आहे," चष्मेवाली पोरगी म्हणाली.

बाईंनी पर्समधली यादी काढून पाहिली. बारा म्हणजे बारा. तेरावी वस्तू त्यांनी पुरलीच नव्हती.

निघालं एक गाठोडं. मेणकापडात गुंडाळलेलं, वरून दोरी, दोरीला एकावर एक तीन गाठी. आत पत्र्याचा डबा. डब्यात चार घड्या घातलेला इतिहासाचा पेपर, सातवीचा, पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा. शंभरपैकी अकरा. 'पालकांची सही' या शब्दांपुढची जागा कोरी. 'युद्धाची कारणे सांगा' या प्रश्नाखाली लिहिलं होतं, 'दोन्ही राजांना घरी काही काम नव्हते.' त्यावर लाल फुली.

पोरं हसून हसून मातीत लोळली. मग चष्मेवालीनं वरच्या कोपऱ्यातलं नाव मोठ्यानं वाचलं, आणि हसू जागच्या जागी थांबलं. तेच नाव ऑफिसच्या दारावर पितळी पाटीवर होतं. मोठ्या बाईंनी लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळं पंचेचाळीस वर्षांत नावात काडीचाही बदल नव्हता.

अडतीस माना वळल्या. नुसत्या चपलांच्या आवाजानं अख्खा व्हरांडा गप्प करणाऱ्या मोठ्या बाईंचे कान लाल झाले होते. इतिहासाच्या बाईंना वाटलं, झालं, खड्ड्याबरोबर आता आपली नोकरीही बुजली.

"माझाच आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "माझी आई याच शाळेत झाडलोट करायची. सगळे तिला मावशी म्हणायचे. बाहेर ती झाडू मारतेय आणि आत मला अकरा मार्क. कुठल्या तोंडानं सही मागणार? मधल्या सुट्टीत पट्टीनं खड्डा केला, डबा टाकला, वर माती लोटली आणि पळाले. आजवर कुणाला बोलले नाही."

आता कुणी हसत नव्हतं. चष्मेवाली मात्र त्या तीन गाठींकडेच बघत होती.

"पण मोठ्या बाई, तुम्ही तर घाईत होतात. या गाठी कुणीतरी निवांत बसून मारल्यात. आणि हे कापड?"

"कापड नव्हतंच गं. नुसता डबा होता."

"मग माणसं दोन आहेत. एक पुरणारी, एक गुंडाळणारी. पुरावा तसंच सांगतोय."

मोठ्या बाईंनी कापड हातात घेतलं, उलटंपालटं केलं, परत दिलं. तेवढ्यात घंटा झाली. एकही पोर जागचं हललं नाही.

"खड्डा राहू दे," त्या शेवटी म्हणाल्या. "ते दुसरं माणूस सापडेपर्यंत तपास बंद करता येणार नाही." दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "आणि त्या राजांच्या उत्तराला अर्धा मार्क द्यायला हरकत नव्हती."

"मी दोन दिले असते," इतिहासाच्या बाई म्हणाल्या. पोरांनी असा कालवा केला की शेजारच्या वर्गातलं गणित बंद पडलं.

मेणकापड पुरावा म्हणून वर्गाच्या कपाटात गेलं. पेपरही जाणार होता, पण चष्मेवालीनं तो मोठ्या बाईंच्या हातात ठेवला. "सही राहिलीय," ती म्हणाली.

संध्याकाळी घरी आई मटार सोलत बसली होती. ब्याऐंशी वर्षांची, कान पक्के, डोळे तेवढे अधू. मोठ्या बाईंनी पेपर तिच्यापुढे धरला आणि सातवीतल्या पोरीसारख्या खाली मान घालून उभ्या राहिल्या.

"आई, सही हवी होती."

आईनं पदराला हात पुसले. चष्मा लावला. अकराचा आकडा नीट बघून घेतला आणि एकेक अक्षर जोडत आपलं नाव लिहिलं. तिला लिहिता येत होतं ते तेवढंच. ती रागावली नाही. हा पेपर आला कुठून, असंही तिनं विचारलं नाही.

पेपर परत देताना म्हणाली, "आणि माझं मेणकापड कुठाय? पावसात भिजू नये म्हणून चांगलं नवंकोरं गुंडाळलं होतं मी."