चौदा टोप्या

चौदा. जीवरक्षकाने उंच खुर्चीवरून पिवळ्या टोप्या मोजल्या आणि तो मागे टेकला. दुपारच्या या तासाला तलावात फक्त साठी उलटलेल्या बायका असत. टोप्या तलावाच्याच, सगळ्यांना एकसारख्या. वरून पाहताना चेहरा कुणालाच नसायचा. छतावरच्या दिव्यांच्या झगमगाटात तळही दिसत नसे.

दर दोन मिनिटांनी डोकी मोजायची, ही वस्तादाची शिकवण. 'बुडणारा माणूस हाका मारत नाही,' वस्ताद म्हणायचा. 'तो फक्त कमी होतो.' अकरा वर्षांत जीवरक्षकाचा आकडा कधी चुकला नव्हता.

फोन जवळ ठेवायचा नाही असा नियम होता. पण आज बायको पडदे घ्यायला गेली होती. खिशात फोन थरथरला.

"आला बघा घरचा हुकूम," काठाला धरून पाय मारणारी एक आजी म्हणाली.

"हुकूम नाही हो, पडदे."

"तेच ते."

दोघीचौघी हसल्या. छताखाली ते हसू बराच वेळ घुमत राहिले.

दोन फोटो होते. एक पडदा निळा, एक करडा. त्याने ते मोठे करून पाहिले. 'निळा' लिहिले. खोडले. खोलीत उजेड मुळातच कमी. 'करडा' लिहिले. तेही उदासच वाटले. शेवटी 'तुला आवडेल तो' असे लिहून त्याने मान वर केली.

किती वेळ गेला, ते त्याला सांगता आले नसते. त्याने घाईघाईने मोजले. बारा, तेरा... चौदा.

त्याने श्वास सोडला. आता पुन्हा फोनला हात लावायचा नाही, असे मनाशी ठरवले.

तेवढ्यात शिडीजवळच्या एका टोपीने चष्मा कपाळावर चढवला. त्या मोठ्या बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. रोज उशिरा येणाऱ्या आणि रोज त्याची बोलणी खाणाऱ्या.

"आज वाचले रे बाबा," त्या म्हणाल्या. "तुझी मान फोनात होती ना, तेव्हाच हळूच उतरले पाण्यात."

बाकीच्या खळखळून हसल्या. जीवरक्षक उभा राहिला. कपडे बदलायच्या खोलीकडे जाणारी फरशी कोरडी होती. पाण्यातून बाहेर कुणीच आले नव्हते. एकेका टोपीवर बोट रोखत त्याने पुन्हा मोजले.

बाईंना धरून चौदा.